दुपारी बंद पडणारी गाडी

मोठे भाई, म्हणजे माझे थोरले दीर, दुबई सोडून कायमचे गावी गेले तेव्हा त्यांची गाडी आमच्याकडे आली. विमानतळावर त्यांना सोडायला आम्ही त्याच गाडीतून गेलो आणि परत येताना ती आमची झालेली होती. कागदपत्रं नंतर केली. निघताना भाईंनी चावी माझ्या नवऱ्याच्या हातात दिली, पण बघितलं माझ्याकडे. "सांभाळून चालव," म्हणाले. "लेकरासारखी ठेवलीय."

पांढरी, चार दारांची, जपानी गाडी. भाईंनीही ती जुनीच घेतली होती, शारजाच्या जुन्या गाड्यांच्या बाजारातून. मागची डावी काच आपोआप खाली सरकायची, मागच्या सीटचा एक पट्टा दोनतीनदा हिसका दिल्याशिवाय बाहेर यायचा नाही. भाई या सगळ्याला 'तिच्या सवयी' म्हणायचे. आम्हीही तसंच म्हणू लागलो.

गाडीची गरज मला होती. आम्ही राहतो इंटरनॅशनल सिटीत. नवऱ्याची नोकरी ड्रॅगन मार्टमधल्या एका टाइल्सच्या दुकानात, घरापासून चालत जाण्याइतकी. माझी नोकरी मात्र दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमध्ये, मसाले पॅक करणाऱ्या एका कारखान्याच्या लॅबमध्ये, आणि मुलीची शाळा ऊद मेथाला. म्हणजे सकाळी एका टोकाला मुलीला सोडायचं, तिथून दुसऱ्या टोकाला कामावर जायचं, दुपारी तीनला सुटून उलटा प्रवास. बसने हे जमत नव्हतं. लायसन्ससाठी मी बऱ्याचदा नापास झाले होते आणि घरात त्याचा विनोद झालेला होता. शेवटी पास झाले, तोवर भाईंची गाडी दारात उभी होतीच.

हिवाळाभर ती चांगली चालली. माझं मलाच कौतुक वाटायचं. रायगडच्या खाडीकाठच्या एका मराठी शाळेत शिकलेली मी, लहानपणी माझ्या गावात बाईने सायकल चालवली तरी लोक वळून बघायचे, आणि इथे मी सहा पदरी रस्त्यावरून एका हाताने गॉगल सारखा करत जाते आहे. मुलगी मागे बसून तिची गाणी लावायची. ती इथेच वाढलेली, माझ्या मराठीला इंग्रजीतून उत्तर देणारी. "काय गो, डबा घेतलास का?" विचारलं की "येस मम्मी, यू आस्क्ड मी ऑलरेडी" असं यायचं.

मे महिन्यात पहिल्यांदा गाडी बंद पडली.

मी कामावरून सुटून मुलीला आणायला निघाले होते. गाडी दिवसभर कारखान्याबाहेर उन्हात उभी होती, स्टीअरिंगला हात लावता येत नव्हता. मोठ्या हायवेला लागून थोडा वेळ झाला असेल. अचानक एसीची हवा कोमट झाली. मला वाटलं एसी गेला. मग ॲक्सिलरेटर दाबला तर काहीच झालं नाही. समोरचे सगळे दिवे एकदम लागले आणि स्टीअरिंग असं जड झालं की जणू दुसऱ्या बाजूने कोणी ते धरून ठेवलंय. इंजिनाचा आवाज नव्हता. फक्त टायरांचा आणि शेजारून जाणाऱ्या ट्रकांचा आवाज होता. मी इंडिकेटर दिला, दोन्ही हातांनी स्टीअरिंग ओढलं आणि कशीबशी कडेच्या पट्ट्यावर आले. मागच्या ट्रकने हॉर्न दिला तो किती तरी वेळ वाजतच राहिला.

मी आत बसून राहिले. बाहेर पडायचं भान नव्हतं. थोड्या वेळाने, काही करायचं म्हणून, चावी फिरवली. गाडी सुरू झाली. काही झालंच नव्हतं अशी सुरू झाली.

घरी सांगितलं तेव्हा नवऱ्याने शांतपणे ऐकून घेतलं. संध्याकाळी ऊन उतरल्यावर तो गाडी घेऊन अजमानपर्यंत जाऊन आला. "लोण्यासारखी चालते," म्हणाला. "पेट्रोल कमी असेल." पेट्रोल अर्धी टाकी होतं.

शनिवारी आम्ही तिला गॅरेजमध्ये नेलं. गॅरेजवाला केरळचा, भाईंच्या ओळखीचा, नीटनेटका माणूस. त्याने कॉम्प्युटर जोडला, बॉनेट उघडून हे ओढ, ते हलव केलं. "मॅडम, सब चेक किया. कंप्यूटर में कोई एरर नहीं है," तो म्हणाला. मग नवऱ्याकडे वळून जरा हळू आवाजात, "चलाते टाइम कुछ दब गया होगा. नया लायसन्स है ना?"

पुढच्या आठवड्यात गाडी परत बंद पडली. त्याच्या पुढच्या आठवड्यात परत. कधी हायवेवर, कधी सिग्नलच्या आधी वेग कमी करताना. नेहमी मी चालवत असताना, नेहमी कामावरून येताना. नवरा चालवायचा तेव्हा एकदाही नाही. तो चालवायचा संध्याकाळी, भाजी आणायला नाहीतर कोणाकडे जेवायला जाताना. हे तेव्हा आमच्या दोघांच्याही ध्यानात आलं नाही. ध्यानात एवढंच राहिलं, की तो असताना होत नाही आणि मी असताना होतं.

"पाय कुठे ठेवतेस तू?" एकदा त्याने विचारलं. रागाने नाही, खरंच जाणून घ्यायचं म्हणून. मला त्याचाच जास्त त्रास झाला. मी रोज स्वतःच्या पायाकडे लक्ष देऊ लागले. हा पाय ब्रेकवर, हा मोकळा. गिअर कुठे आहे. हात कुठे आहे. मी न्यूट्रल तर नाही ना केला? ज्या गोष्टी हातापायांना आपोआप यायला लागल्या होत्या त्या परत डोक्यातून करू लागले आणि त्यामुळे वाईट चालवू लागले. एकदा पार्किंगमध्ये खांबाला घासली. तो पुरावाच झाला माझ्याविरुद्ध.

भाईंना फोन केला. ते दर शुक्रवारी नमाजनंतर फोन करायचेच आणि गाडीची चौकशी पहिली असायची. "माझ्याकडे एवढी वर्षं होती," म्हणाले, "कधी दगा नाही दिला." आवाजात दुखावल्याची छटा होती. पुढचं काही विचारायची सोय राहिली नाही.

त्या दिवसांत माझ्या जिवाला थारा नव्हता. लॅबमध्ये हळदीचे नमुने तपासताना मधेच कान टवकारायचे, वॉटर कूलरचा आवाज बदलला की दचकायचे. दोन वाजले की सारखी घड्याळाकडे बघायचे. कोणत्या लेनने जायचं याचा मी घरी बसून विचार करायचे. इथे गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात, तेव्हा बंद पडली तर कडेला घेता यावी म्हणून अगदी उजवीकडच्या लेनमध्ये राहावं, तर तिथे सगळे ट्रक. ट्रकांपासून लांब राहावं म्हणून आतल्या लेनमध्ये जावं, तर बंद पडल्यावर तेवढ्या लेन ओलांडून कडेला यायचं कसं? रोज एक निर्णय घ्यायचे आणि रोज रस्त्यावर गेल्यावर तो बदलायचे. मी सारखी लेन बदलत होते. माझ्यासारखी गाडी दुसरी कोणी चालवताना दिसली असती तर मीच म्हटलं असतं, ही बाई धड नाही.

मुलीने गाणी लावणं बंद केलं होतं. ती मागे दप्तर पोटाशी धरून बसायची. एक दिवस म्हणाली, "मम्मी, कॅन वी जस्ट टेक द बस?"

"बसने तुला घरी यायला संध्याकाळ होईल."

"आय डोन्ट माइंड," ती म्हणाली.

जूनच्या सुरुवातीला माझी सासू व्हिजिट व्हिसावर आली. तिला आम्ही सगळेच अम्मा म्हणतो. सासरे खाडीत तरीची लाँच चालवायचे, या काठाची माणसं त्या काठाला न्यायचे. ते गेल्यावर काही वर्षं ती लाँच अम्मानेच सांभाळली होती, खलाशी ठेवून. अम्मा कमी बोलणारी. भाई तिचा थोरला, घराला ज्याने वर काढलं तो मुलगा. त्याच्याबद्दल ती वेगळ्या आवाजात बोलायची. माझ्या गाडी चालवण्याबद्दल तिने काहीच म्हटलं नव्हतं, आणि अम्मा जेव्हा काही म्हणत नाही तेव्हा तिला ते पसंत नाही असं घरात सगळे धरून चालायचे.

आल्यापासून तिचा गुडघा दुखत होता. ऊद मेथाला मुलीच्या शाळेजवळ एक दवाखाना होता. मी अर्धा दिवस रजा काढली, कामावरून घरी आले, अम्माला घेतलं आणि निघाले. दवाखाना झाला, मुलीला शाळेतून जरा लवकर घेतलं. तिथून अम्माच्या एका बहिणीच्या मुलीकडे, मिरदिफला जायचं होतं, तिने दुपारचं जेवायला बोलावलं होतं. गाडी बाहेर उन्हातच उभी केलेली होती. अम्मा पुढे बसली, मुलगी मागे.

हायवेवर मी त्या दिवशी आतल्या लेनमध्ये होते. एसीची हवा कोमट झाली तेव्हाच मला कळलं. मी दोन्ही हातांनी स्टीअरिंग घट्ट धरलं, तसं अम्माने माझ्याकडे बघितलं. मग दिवे लागले, स्टीअरिंग जड झालं आणि इंजिनाचा आवाज गेला.

"मशीन बंद झालं," अम्मा म्हणाली. विचारलं नाही, सांगितलं.

"हो."

"किनारा कुठल्या हाताला?"

"उजव्या."

तिने पट्टा सैल केला आणि दुखऱ्या गुडघ्यासकट सीटवर मागे वळून बसली. "तू पुढे बघ. मागे मी बघते," म्हणाली. "थांब, लाल गाडी आहे. जाऊ दे तिला. आता घे. घे हळूहळू. अजून. थांब, ट्रक आहे, मोठा आहे, पण लांब आहे. घे तू, येईपर्यंत होईल."

गाडीचा वेग कमी होत चालला होता. मागे मुलगी अजिबात आवाज करत नव्हती. मी अम्मा सांगेल तसं दोन्ही हातांनी ओढत गेले. शेवटची लेन ओलांडली तेव्हा गाडी जवळजवळ चालण्याच्या वेगाने सरकत होती आणि तो ट्रक हवेचा धक्का देऊन आमच्या मागून गेला. मी कडेला आल्यावर ब्रेक दाबला, तो दगडासारखा कडक झाला होता, सगळा जोर लावून दाबला.

"चला उतरा," अम्मा म्हणाली. "आत नाही बसायचं."

आम्ही लोखंडी कठड्यापलीकडे जाऊन वाळूत उभ्या राहिलो. ऊन असं होतं की श्वास घेतला तर नाक भाजावं. गेल्या वर्षभरात कोणाला अंगाला हात लावू न देणारी मुलगी अम्माच्या पदराखाली शिरली होती. मी रडायला लागले. अम्मा माझ्याकडे न बघता गाडीकडे बघत राहिली. "असंच बंद पडतं का दर वेळी?"

"असंच. मग थोड्या वेळाने चालू होतं."

"गरम झाल्यावर," ती म्हणाली.

एक पोलिसांची गाडी मागे येऊन थांबली, वरचे दिवे लावून. पोलीस तरुण होता. त्याने आधी अम्माला थंड पाण्याची बाटली दिली. "मामा, माय," म्हणाला. अम्मा बाटली धरून उभी. मी डोळे पुसत सांगितलं, इथे आईच्या वयाच्या बाईला मामा म्हणतात आणि माय म्हणजे पाणी. अम्माला ते काही केल्या पटेना. "पाण्याला माय आणि मला मामा," ती पुटपुटली, आणि मुलगी हसली. मलाही हसू आलं, रडता रडता. पोलिसाने गाडी सुरू होते का बघितलं. झाली. "सिस्टर, गो गॅरेज. नो हायवे. यल्ला, चलो," त्याने सांगितलं आणि पुढच्या एक्झिटपर्यंत आमच्या मागे दिवे लावून आला.

संध्याकाळी नवरा घरी आला तेव्हा मी स्वयंपाकघरात होते. त्याने बाहेरच्या खोलीत अम्माला विचारलेलं मला ऐकू आलं. "फार घाबरलीस का गो अम्मा? तिला अजून हात बसलेला नाही."

"तिचा हात बसलेला आहे," अम्मा म्हणाली. "गाडी मेली होती. मेलेली गाडी तिने चार रस्ते पार करून काठाला लावली. तुझ्या बापाला जमलं नसतं."

नवरा उठून आत आला. त्याने माझ्या हातातली कणीक घेतली आणि मळत बसला. मला राग आला होता की बरं वाटत होतं, मला ठरवता येत नव्हतं. महिनाभर मी जे सांगत होते ते खरं व्हायला अम्माला त्या सीटवर बसावं लागलं, हे मनातून जाईना.

शुक्रवारी भाईंचा फोन आला. व्हिडिओवर ते आणि वहिनी. अम्माने फोन स्वतःच्या हातात घेतला. मी जीव मुठीत धरून बसले होते. तिच्या लाडक्या मुलाची गाडी होती ती.

"तुझ्याकडे बंद पडायची का रे ती?" तिने विचारलं.

"कोण? गाडी? नाही गं अम्मा."

"नीट आठव. उन्हात. दुपारची."

बाजूला वहिनींनी काहीतरी म्हटलं, ते ऐकू आलं नाही. मग भाई म्हणाले, "कधीतरी व्हायची. उन्हाळ्यात. पण बसून राहिलं की चालू व्हायची. मी दुपारची काढायचोच नाही तिला मे ते सप्टेंबर. दुपारी मी ऑफिसच्या बसने यायचो." आणि जरा वेळाने, "ते काही बिघाड म्हणून ध्यानातच नव्हतं माझ्या. सवय झाली होती."

मला वाटतं ते खरं बोलत होते. त्यांनी काही लपवलं नव्हतं. त्यांनी आपला दिवस गाडीच्या दोषाभोवती असा लावून घेतला होता की दोष दिसेनासा झाला होता. माझा दिवस तसा लावता येण्यासारखा नव्हता, एवढाच फरक. अम्माने फोनमध्ये त्यांच्याकडे बघत म्हटलं, "पोर होती रे गाडीत."

गरम झाल्यावर बंद पडते हे सांगितल्यावर गॅरेजवाल्याने गाडी भर दुपारी बाहेर उन्हात चालू करून सोडली. तासाभरात ती मेली. इंजिनाजवळचा एक सेन्सर तापला की काम सोडून देत होता. त्याने तो बदलला. मला "सॉरी मॅडम" म्हणाला, आणि मी "खलास, हो गया" म्हणाले, पण माझं काही खलास झालं नव्हतं. गाडी आता दुपारी बंद पडत नव्हती आणि मी तरी ती बंद पडायची वाट बघत चालवत होते. एसीची हवा जरा कमी झाली की मी आधी कडेच्या पट्ट्याकडे बघायचे. नवरा म्हणायचा, "आता झालं ना नीट?" मी म्हणायचे, "झालं." मुलगी मागून आरशात माझ्याकडे बघायची.

मग स्पीड दाखवणारा काटा उड्या मारू लागला. सरळ चालताना शंभरावरून शून्यावर, शून्यावरून ऐंशीवर. गॅरेजवाला म्हणाला, मीटर खोलावा लागेल. तो शनिवार होता, नवरा आणि मी दोघेही तिथे होतो, अम्मा गाडीतून उतरून प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली होती. त्याने समोरचा मीटर बाहेर काढला, उलटा केला आणि तसाच धरून राहिला. मग नवऱ्याला बोलावलं.

मीटरच्या मागच्या बाजूला, एका छोट्या दिव्यावर काळी चिकटपट्टी लावलेली होती. नीट कापून, कोपरे दाबून लावलेली.

"यह एअरबॅग का लाइट है," तो म्हणाला. "गाडी चालू करते टाइम जलना चाहिए, फिर बंद होना चाहिए. आपका कभी जला?"

आम्हाला आठवेना. जो दिवा कधी लागलाच नाही तो लागत नाही हे कोणाच्या लक्षात येतं? मुलगी तेव्हा तिथे नव्हती, पण घरी आल्यावर तिने सांगितलं की तिच्या मैत्रिणीच्या गाडीत तो लागतो आणि विझतो. तिला वाटलं होतं आपली जुनी आहे म्हणून आपल्याला नसेल.

गॅरेजवाल्याने परवानगी विचारली आणि स्टीअरिंगच्या मधलं झाकण काढलं. झाकण डिंकासारख्या कशाने तरी चिकटवलेलं होतं, करकरत निघालं. आत काही नव्हतं. रिकामी वाटी, एक कापलेली वायर आणि खडखड वाजू नये म्हणून कोंबलेला फोमचा तुकडा. पुढच्या दुसऱ्या सीटसमोरही तेच. कधी तरी, आमच्या आणि भाईंच्याही आधी, त्या गाडीला मोठा अपघात झाला होता. पिशव्या फुटल्या होत्या. कोणी तरी बसून, वेळ घेऊन, नवीन झाकणं चिकटवली होती आणि दिव्यावर पट्टी लावली होती.

मी त्या फोमच्या तुकड्याकडे बघत राहिले. इंजिन बंद पडतं ते निदान कळतं तरी. हे रोज माझ्या छातीसमोर, हातभर अंतरावर होतं, आणि मी त्याच्यावर 'एअरबॅग' छापलेलं बघून निश्चिंत होते. अम्मा खुर्चीवरून उठून आली. तिला समजावून सांगितलं. ती ज्या सीटवर मागे वळून बसली होती, पट्टा सैल करून, तिच्या समोरची जागा तिने बोटांनी चाचपून बघितली.

भाईंना ते नवऱ्यानेच सांगितलं. यावेळी मी बाजूला नव्हते, पण नंतर त्याने मला सांगितलं की ऐकून झाल्यावर भाईंनी फोन ठेवून दिला. संध्याकाळी वहिनींचा मला फोन आला. म्हणाल्या, "ते जेवले नाहीत. आमचा धाकटा मुलगा लहान असताना मी त्याला मांडीवर घेऊन पुढेच बसायचे, तेच सारखं काढतात." मी त्यांना म्हटलं, त्यात भाईंची काय चूक, त्यांनाही फसवलंच की. हे म्हणताना माझ्या लक्षात आलं की मला मनापासून तसं वाटतंय. त्यांच्यावरचा माझा राग कधी गेला ते मला कळलं नाही.

एअरबॅग नव्याने बसवायच्या म्हणजे गाडीच्या किमतीपेक्षा जास्त खर्च. नवऱ्याने ती विकायची ठरवली. त्याच्या दुकानातल्या ओळखीने एक गिऱ्हाईक आलं, नुकतंच लग्न होऊन आलेलं आपल्याकडचं जोडपं. खाली पार्किंगमध्ये गाडी बघत होते. मी वरून खिडकीतून बघत होते. मुलगा बॉनेट उघडून बघत होता, त्याची बायको आत ड्रायव्हरच्या सीटवर बसून स्टीअरिंग धरून फोटो काढून घेत होती. गिऱ्हाइकाला काय सांगायचं, काय नाही, याबद्दल आम्ही आधी बोललो नव्हतो. दोघांनाही तो विषय काढायचा नव्हता. मी बघितलं, माझा नवरा जरा वेळ हाताची घडी घालून उभा राहिला. मग तिच्या बाजूच्या खिडकीशी गेला, वाकून काही तरी बोलला आणि स्टीअरिंगच्या मधे बोट ठेवलं. ती गाडीतून उतरली. ती दोघं निघून गेली.

वर आल्यावर तो बूट काढत म्हणाला, "ती लायसन्स काढतेय. नवीन." दोन दिवसांनी रिकव्हरीचा ट्रक येऊन गाडी शारजाला भंगारात घेऊन गेला. मी तिथपर्यंत चालवत नेते का, असं त्याने विचारलं होतं. मी नाही म्हटलं.

अम्मा परत गेली. शाळेला सुट्ट्या लागल्या. आम्ही आणखी एक जुनीच गाडी घेतली, यावेळी एजन्सीकडून, सगळं तपासून, मीटर खोलून. सप्टेंबरमध्ये शाळा सुरू झाली तेव्हा पहिल्या दिवशी नवऱ्याने रजा घेतली. म्हणाला, येतो तुझ्याबरोबर. दुपारी टॅक्सीने कारखान्यापाशी येऊन थांबला आणि बाजूच्या सीटवर बसला.

मी उजवीकडच्या लेनमध्ये होते. सवयीने. पुढे, मागे आणि डाव्या बाजूला ट्रक चालले होते, त्यांची चाकं आमच्या खिडकीच्या उंचीची. एक मागून इतका जवळ आला की आरशात त्याची फक्त जाळी दिसत होती. नवरा एका हाताने वरचा हँडल धरून बसला होता. त्याने तो धरलाय हे त्याला माहीत नसावं. एसीची हवा थंड होती, तरी मी दर थोड्या वेळाने बोटं त्याच्यासमोर धरून बघत होते.

"तू रोज इथून जातेस?" त्याने विचारलं.

"रोज."

मी त्याच्याकडे बघितलं, तेवढ्यात आमचा एक्झिट गेला, आणि वळून यायला आम्हाला पुढच्या पुलापर्यंत जावं लागलं. मुलगी शाळेच्या फाटकाशी वाट बघत उभी होती. "यू आर लेट," तिने मागे बसत म्हटलं आणि दप्तर बाजूला ठेवून पट्टा ओढला.